ब्ल्यू-रेच्या विजयात प्रेक्षकांनी काय गमावले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रपटांच्या डिस्क बाजारातून कशा नाहीशा होत चालल्या आहेत, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे आणि त्यातली खंत माझ्यासारख्या चित्रपटसंग्राहकाला फार जवळची वाटली. मात्र ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडी या डीव्हीडीनंतर आलेल्या, अधिक स्पष्ट चित्राच्या दोन डिस्कमधल्या स्पर्धेत २००८ साली सरस तंत्राचा विजय झाला आणि त्यात ग्राहकाचे हितच झाले, अशा आशयाचे जे विधान लेखकाने जाता जाता केले आहे, ते मला मान्य नाही. या विधानाचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, पण दुसरा खरा नाही. आणि तो का नाही हे सांगण्यासाठीच हे पत्र काहीसे विस्ताराने लिहीत आहे.

मुळात या दोन डिस्कमधला फरक नेमका कशात होता हे आधी पाहायला हवे. दोन्हींमध्ये एकाच प्रकारचा, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर जांभळा लेझर वापरलेला होता. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात निळ्या प्रकाशावर जे काम केले, त्यामुळे असा लेझर व्यवहारात आणणे शक्य झाले. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा होता. तरंगलांबी जितकी कमी तितका प्रकाशाचा ठिपका बारीक होतो आणि तेवढ्याच जागेत जास्त माहिती बसते. म्हणजे भांडण लेझरचे नव्हतेच, ते होते डिस्कवरच्या प्लॅस्टिकच्या जाडीचे. सोनी, फिलिप्स, मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक) आदी नऊ कंपन्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये जाहीर केलेल्या ब्ल्यू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर होता, तर तोशिबा आणि एनईसी यांच्या एचडी डीव्हीडीत तो डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटर खोल होता. थर पृष्ठभागाच्या जवळ असला की प्रकाश अधिक तीव्रपणे एकवटणारे भिंग वापरता येते. त्यामुळे ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ जीबी माहिती मावत असे आणि दोन थरांत ५०. एचडी डीव्हीडीत हेच आकडे १५ आणि ३० होते.

क्षमतेच्या बाबतीत ब्ल्यू-रे सरस होती हे निर्विवाद आहे. चित्रासाठी तिला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती वाचता येई, एचडी डीव्हीडीला सुमारे २९. पण या सरसपणाचीही किंमत होती. माहितीचा थर पृष्ठभागाला इतका चिकटलेला असल्याने ओरखड्यांचे भय फार मोठे होते. सोनीने एप्रिल २००३ मध्ये जपानात आणलेल्या पहिल्या ब्ल्यू-रे रेकॉर्डरमध्ये डिस्क प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करूनच वापरावी लागे. पुढे टीडीके कंपनीने कठीण लेप शोधून काढला, तेव्हा कुठे ती पेटी गेली. एचडी डीव्हीडीची रचना डीव्हीडीसारखीच असल्याने जुन्या कारखान्यांत थोडे फेरफार करून ती छापता येत होती, उलट ब्ल्यू-रेसाठी नवी यंत्रसामग्री लागत होती. एकीत माहिती जास्त मावत होती, दुसरी स्वस्तात तयार होत होती. दोन्ही बाजूंचे अभियंते प्रामाणिक होते, आणि अशा वेळी समोरासमोर बसून तडजोड काढणे अशक्य असते असे मला वाटत नाही.

तशी तडजोड त्याआधी दहाच वर्षांपूर्वी झालीही होती, आणि तो इतिहास लेखात यायला हवा होता. १९९५ साली डीव्हीडीचा जन्म होण्यापूर्वी एका बाजूला सोनी आणि फिलिप्स, तर दुसऱ्या बाजूला तोशिबा, मात्सुशिता आणि टाइम वॉर्नर असे दोन गट दोन वेगळ्या डिस्क घेऊन उभे होते. त्या वेळी आयबीएम, अ‍ॅपल, कॉम्पॅक, एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या पाच संगणक कंपन्यांनी एकत्र येऊन, एकच प्रमाण ठरत नाही तोवर आम्ही कोणतीच डिस्क स्वीकारणार नाही, असे ठणकावून सांगितले. आयबीएमचे प्रमुख लुई गर्स्टनर यांनी मध्यस्थी केली. तोशिबा गटाची ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवण्याची रचना घ्यायची आणि सोनी-फिलिप्स गटाची माहिती सांकेतिक रूपात लिहिण्याची पद्धत घ्यायची, असे ठरले. या पद्धतीमुळे डिस्कची क्षमता ५ जीबीवरून ४.७ जीबीवर आली, पण ते थोडेसे नुकसान सोसून सर्वांनी एकच डिस्क स्वीकारली. नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी बाजारात आली आणि चित्रपट विकत घेणाऱ्या बहुतेक ग्राहकांना ‘कोणती डीव्हीडी?’ असा प्रश्न विचारावा लागला नाही. ग्राहकाचे हित म्हणायचे तर त्याला म्हणायला हवे.

२००५ सालच्या वसंतात सोनी आणि तोशिबा यांच्यात पुन्हा बोलणी झाली, ती ०.१ की ०.६ याच मुद्द्यावर अडली आणि फिसकटली. या वेळी मध्यस्थ होऊ शकेल असे तटस्थ कोणी उरलेच नव्हते. संगणक उद्योगच दुभंगू लागला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल एचडी डीव्हीडीकडे गेले, डेल आणि अ‍ॅपल ब्ल्यू-रेकडे होते. शिवाय सोनीची बीटामॅक्स ही व्हिडिओ कॅसेट व्हीएचएस कॅसेटपुढे हरली त्या काळात सोनीच्या हाती चित्रपट कंपनी नव्हती. आता १९८९ मध्ये घेतलेली कोलंबिया तिच्याकडे होती आणि २००५ मध्ये सोनीच्या पुढाकाराने एका गटाने एमजीएम ही चित्रपट कंपनीही विकत घेतली होती. ज्यांनी न्यायनिवाडा करायचा तेच पक्षकार होऊन बसल्यावर तडजोड होणार कशी?

यानंतरची दोन वर्षे लेखात आली आहेत, तेव्हा मी त्यांच्यावरून भरभर जातो. मार्च-एप्रिल २००६ मध्ये तोशिबाचे एचडी डीव्हीडी प्लेअर आले, अमेरिकेत त्यातल्या स्वस्त प्लेअरची किंमत ४९९ डॉलर होती. जूनमध्ये सॅमसंगचा ब्ल्यू-रे प्लेअर सुमारे हजार डॉलरना आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोनीने प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रातच ब्ल्यू-रे बसवली, आणि ज्यांना चित्रपटाच्या डिस्कशी काही देणेघेणे नव्हते त्यांच्याही घरी ती पोहोचली. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन यांनी ब्ल्यू-रे सोडून केवळ एचडी डीव्हीडी काढण्याचे ठरवले. त्यासाठी त्यांना मिळून सुमारे १५ कोटी डॉलरचा मोबदला मिळाल्याचे वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिले होते. नोव्हेंबरात वॉलमार्टमध्ये तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला गेला आणि त्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या स्टुडिओने केवळ ब्ल्यू-रे काढण्याचा निर्णय जाहीर केला. लास व्हेगसच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात ठरलेली एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद त्यामुळे रद्द झाली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट हेही एकेक करून ब्ल्यू-रेकडे वळले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली.

या क्रमाकडे लक्षपूर्वक पाहिले तर निकाल कोणी लावला ते दिसते. नोव्हेंबरात स्वस्त प्लेअरसाठी रांगा लावणाऱ्या ग्राहकांचे मत आठ-दहा आठवड्यांतच निरर्थक ठरले, कारण एका स्टुडिओने आपली बाजू बदलली होती. जगभरात सुमारे दहा लाख एचडी डीव्हीडी यंत्रे विकली गेली होती. त्या सर्वांच्या घरी ती राहिली, पण त्यांच्यासाठी नवे चित्रपट येणे थांबले. काही दुकानांनी आणि एका स्टुडिओने पुढे नुकसानभरपाईसारखे काहीतरी देऊ केले हे खरे. तरी स्पर्धेचा खर्च शेवटी ग्राहकानेच सोसला, कारण कोणतीच बाजू अंधारात ठेवलेल्या ग्राहकाला आधी विचारायला गेलेली नव्हती.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. ब्ल्यू-रे जिंकली तेव्हा एचडी डीव्हीडीच्या ज्या गोष्टी तिच्यासोबत बुडाल्या, त्यांचा हिशेब आपल्याकडे कोणी मांडलेलाच नाही.

पहिली गोष्ट रीजन कोडची, म्हणजे डिस्क ठरावीक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालावी यासाठी तिच्यावर घातलेल्या कुलपाची. एचडी डीव्हीडीवर रीजन कोड नव्हता. कोणत्याही देशात घेतलेली डिस्क कोणत्याही देशातल्या प्लेअरवर चालत असे. अमेरिकेत ज्यांचे हक्क ब्ल्यू-रे गटातल्या कंपन्यांकडे होते असे काही चित्रपट युरोपात स्टुडिओ-कॅनाल या फ्रेंच कंपनीने एचडी डीव्हीडीवर काढले, आणि अमेरिकेतले चित्रपटप्रेमी ते सरळ टपालाने मागवून पाहत असत. ब्ल्यू-रेने मात्र जगाची ए, बी आणि सी अशी तीन विभागांत वाटणी केली. अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप, मध्यपूर्व आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये, भारत, चीन आणि रशिया सी मध्ये. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते पाहा. एक भाऊ पुण्यात, दुसरा न्यू जर्सीत आणि बहीण दुबईत, अशी कुटुंबे आज घरोघरी आहेत. हे तिघे तीन वेगवेगळ्या विभागांत येतात आणि एकाने दुसऱ्याला भेट दिलेली डिस्क चालेलच याची खात्री तिघांपैकी कोणालाच नाही. माझ्या पुतण्याने अमेरिकेहून मोठ्या प्रेमाने आणलेल्या जुन्या चित्रपटांच्या संचातल्या निम्म्या डिस्क माझ्या प्लेअरने नाकारल्या. दुकानदाराकडे चौकशी केली तेव्हा प्लेअर निर्दोष आहे आणि डिस्कही निर्दोष आहेत, एवढेच उत्तर मिळाले, आणि ते उत्तर बरोबरही होते. पैसे मोजून विकत घेतलेली, अस्सल, निर्दोष वस्तू निर्दोष यंत्रात चालू नये अशीच ती व्यवस्था होती.

सर्वच ब्ल्यू-रे डिस्कवर असे कुलूप असते असे नाही. ते लावायचे की नाही हे प्रकाशक ठरवतो आणि बरेच प्रकाशक ते लावत नाहीत. शिवाय एचडी डीव्हीडी टिकली असती तर स्टुडिओंनी तिच्यावरही रीजन कोड आणण्याचा आग्रह धरला नसता, अशी हमी मी देऊ शकत नाही. पण हे कुलूप आवश्यक नव्हते, याचा पुरावा ब्ल्यू-रे गटानेच पुढे दिला. २०१६ साली आलेल्या अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेच्या प्रमाणात रीजन कोडच ठेवलेला नाही. जी गोष्ट दहा वर्षांनी निमूटपणे सोडून दिली, ती सुरुवातीला अत्यावश्यक होती असे कसे मानायचे? आणि त्या दहा वर्षांत घेतलेल्या डिस्क तर अजून कपाटात आहेतच.

दुसरी गोष्ट डिस्क छापण्याच्या परवान्याची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिचा फटका छोट्या निर्मात्यांना बसला. दोन्ही डिस्कमध्ये एएसीएस नावाची नक्कल-प्रतिबंधक व्यवस्था होती. एचडी डीव्हीडीच्या कारखान्यात छापलेल्या डिस्कवर ती वापरणे ऐच्छिक होते. ब्ल्यू-रेच्या छापील डिस्कवर ती सक्तीची आहे. म्हणजे ज्याला नकलेची भीतीच नाही, उलट आपला चित्रपट जितक्या लोकांनी पाहावा तितका हवा आहे, अशा एखाद्या माहितीपटकाराला, नाट्यसंस्थेला किंवा संगीतसभेच्या आयोजकालाही ब्ल्यू-रे छापायची तर त्या संरक्षणाचा परवाना आणि त्याचे शुल्क भरणे भाग पडते. हजारो प्रती काढणाऱ्या हॉलिवूडच्या स्टुडिओला हा खर्च जाणवतही नाही. पण ज्याला काही शे प्रतीच काढायच्या आहेत त्याच्यासाठी प्रत्येक प्रतीमागे तो डोईजड होतो. मराठीत नाटके, कीर्तने, शास्त्रीय संगीताच्या मैफली आणि प्रादेशिक माहितीपट यांचे इतके भांडार आहे, आणि त्यातले उच्च दर्जाच्या डिस्कवर आलेले जवळपास काहीच नाही. एवढ्या एकाच कारणाने ते आले नाही असे मी म्हणणार नाही. ग्राहकवर्ग लहान होता, प्लेअर महाग होते. पण दार उघडे असते तर काही लोक नक्कीच आत शिरले असते.

ही सक्ती केल्याने चोरी तरी थांबली का? एएसीएस २००६ च्या अखेरीसच भेदली गेली होती आणि मे २००७ मध्ये तिची एक गुप्त किल्ली इंटरनेटवर इतकी पसरली की ती आवरणे अशक्य झाले. ब्ल्यू-रेची बीडी-प्लस ही जादा संरक्षक व्यवस्थाही फार काळ टिकली नाही. फॉक्ससारखे स्टुडिओ ब्ल्यू-रेकडे ओढले गेले त्यात याच जादा संरक्षणाचा मोठा वाटा होता. चोरांना त्याचा अडथळा काही महिनेच झाला. प्रामाणिक ग्राहकाला मात्र तो कायमचा आहे.

तिसरी गोष्ट अपुऱ्या प्लेअरची. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला पहिल्या दिवसापासून नेटवर्कची जोडणी आणि चित्रात चित्र (मोठ्या चित्राच्या कोपऱ्यात दुसरे छोटे चित्र) दाखवण्याची सोय सक्तीची होती. ब्ल्यू-रेने आपले प्रमाण टप्प्याटप्प्याने पुरे केले. सुरुवातीच्या प्लेअरमध्ये या सोयी नसल्या तरी चालत. नोव्हेंबर २००७ नंतर आणलेल्या नव्या प्लेअरला चित्रात चित्राची सोय आवश्यक झाली आणि नेटवर्कची जोडणी त्याच्याही पुढच्या टप्प्यात आली. ज्यांनी आधी विश्वासाने हजार डॉलर मोजले त्यांना नंतरच्या डिस्कवरच्या कित्येक सोयी वापरताच आल्या नाहीत. प्लेस्टेशन ३ इंटरनेटवरून अद्ययावत करता येत असल्याने तिचे मालक वाचले. म्हणजे सर्वांत जास्त फायदा त्यांचा झाला ज्यांनी चित्रपटासाठी यंत्र घेतलेच नव्हते.

भारतात या लढाईची झळ फारशी जाणवली नाही, असेही लेखात सुचवले आहे. पण हीच तर खेदाची बाब आहे. ज्या काळात अमेरिकेत पॅरामाउंट आणि वॉर्नर बाजू बदलत होते, त्याच सुमारास आपल्याकडे मोझर बेअर ही डिस्क बनवणारी भारतीय कंपनी व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकत होती, आणि पहिल्यांदाच सामान्य घरात चित्रपट विकत घेऊन ठेवण्याची सवय रुजत होती. प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत ३९,९९० रुपये होती. एवढी मोठी दरी स्वस्तात छापता येणारी आणि एकमेव अशी डिस्कच भरून काढू शकली असती. दोन्ही गटांनी २००५ मध्येच एकत्र येऊन तीन वर्षे वाचवली असती, तर प्लेअरच्या किमती लवकर उतरल्या असत्या आणि भारतासारख्या देशांत व्हीसीडीवरून थेट चांगल्या चित्राकडे जाता आले असते. प्रत्यक्षात किमती उतरेपर्यंत लोक इंटरनेटवर चित्रपट पाहू लागले. नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्येच, म्हणजे ही लढाई ऐन भरात असताना, घरबसल्या इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती.

आज परिस्थिती काय आहे ते लेखात आलेच आहे. तोशिबाने २००९ मध्ये स्वतःच ब्ल्यू-रे प्लेअर काढायला सुरुवात केली. नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केले आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ पासून कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. तरीही डिस्कवरचा चित्रपट आपल्या मालकीचा असतो. इंटरनेटवरचा चित्रपट करार संपला की एका रात्रीत नाहीसा होतो आणि त्याचे चित्रही डिस्कइतके स्वच्छ नसते. यासाठीच मी अजून डिस्क घेतो आणि घेत राहीन. माझी तक्रार ब्ल्यू-रेच्या चित्राबद्दल नाही. ते चित्र उत्तमच आहे. तक्रार आहे ती तिच्या विजयाला ग्राहकहिताचे नाव देण्याबद्दल.

आपल्या वृत्तपत्राकडून माझी विनंती एवढीच आहे की या विषयावर पुढचा लेख येईल तेव्हा रीजन कोड आणि परवान्याची सक्ती यांचाही त्यात विचार व्हावा. आणि जे भारतीय प्रकाशक आजही ब्ल्यू-रे काढत आहेत, त्यांनी डिस्क तीनही विभागांसाठी खुली ठेवावी आणि ती तशी आहे हे वेष्टनावर ठळकपणे छापावे. त्यासाठी त्यांना जादा खर्च येत नाही, आणि न्यू जर्सीला किंवा दुबईला डिस्क पाठवणाऱ्या माणसाला ती तिथे चालेल याची खात्री मिळते.

आपला,
एक नियमित वाचक,
पुणे